९२ चाचण्या, पण बीपी कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीत पुरुषांनी वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी करून घ्यावी, असं सांगणारा लेख आपण छापला आहे. त्याला लागूनच अर्ध्या पानाची जाहिरात आहे. पुरुषांसाठी खास पॅकेज, एका सुईत ९२ चाचण्या, नमुना घरी येऊन नेणार, रिपोर्ट मोबाइलवर. लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते ते मला नीट कळलं नाही, पण तो विषय सोडून देते. मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. अशा पॅकेजांची सुई माझ्याच हातात असायची, म्हणून हे पत्र.

जाहिरात वाचताना सवयीने पेन्सिल घेतली आणि ९२चा हिशेब मांडला. जांभळ्या टोपणाच्या एका ट्यूबमधलं रक्त मशीनला लावलं की मशीन एका दमात वीस-बावीस आकडे काढून देतं. हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी, त्यांचा आकार, पांढऱ्या पेशी, त्यांचे पाच प्रकार, शिवाय त्या पाचांचे टक्के वेगळे आणि संख्या वेगळी. आम्ही याला सीबीसी म्हणतो आणि एक तपासणी धरतो. जाहिरातीत त्या २४ चाचण्या आहेत. लघवीच्या एका नमुन्याच्या १९. कोलेस्टेरॉलच्या ९, त्यातल्या खरोखर मोजलेल्या फार तर चार, बाकी सगळी वजाबाकी आणि भागाकार. एलडीएलला (वाईट कोलेस्टेरॉल) एचडीएलने (चांगलं कोलेस्टेरॉल) भागलं की एक चाचणी, एचडीएलला एलडीएलने भागलं की दुसरी. पाचवीच्या गणितालासुद्धा असे दोनदा मार्क मिळत नाहीत.

मग यादीत काय नाही ते शोधलं. रक्तदाब नाही. कमरेचा घेर नाही. तोंड उघडायला लावून कोणी आत बघणार, तेही नाही. तंबाखू, दारू, झोप, मन यांबद्दल एक प्रश्न नाही. असणार कसा? यातलं काहीच सुईतून येत नाही.

पुरुष तपासणीला कसे येतात ते मी इतकी वर्षं बघितलं आहे. बाई आली तर बहुतेकदा काहीतरी होतंय म्हणून आलेली असते. पुरुषाला कोणीतरी पाठवलेलं असतं. ऑफिसने, विमा कंपनीने, बायकोने. नाहीतर बरोबरीचा कोणी अचानक गेलेला असतो. तसं झालं की एकाच ऑफिसातले तिघे-चौघे एकदम येतात आणि खुर्चीत बसताना गरजेपेक्षा जास्त विनोद करतात. सुई बघून चक्कर येणारेही माझ्या हिशेबात पुरुषच जास्त, आणि त्यातही अंगाने तगडे. (पुरुष वाचक रागावले तर रागावू देत.) रक्त दिलं की चेहरा पेपर टाकून बाहेर आलेल्या मुलासारखा मोकळा होतो. सुटलो एकदाचे! आमच्या काउंटरखाली न नेलेल्या रिपोर्टांचं एक खोकं असायचं. दर तीन महिन्यांनी ते भरायचं आणि मी नावं वाचून फोन लावायचे. त्यात बायकांचे रिपोर्ट क्वचित असत. आता रिपोर्ट मोबाइलवर जातात, त्यामुळे ते उघडले कोणी आणि नाही कोणी, हे कळायला खोकंही उरलेलं नाही.

माझ्या घरचंच सांगते. माझे मिस्टर दरवर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात न चुकता तपासणी करायचे. रिपोर्टांची फाइल, वर्षवार, प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात. रक्त मीच काढायचे, रिपोर्टही मीच आणायचे. साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन, सगळं जिथल्या तिथे. ५४व्या वर्षी चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटला म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी थेंब घालून पडदा तपासला आणि चष्म्याबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "बीपी शेवटचं कधी मोजलंत?" पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या आवळलेल्या होत्या आणि दोन ठिकाणी रक्ताचे ठिपके होते. त्याच दुपारी मोजलं, तर १८२/११०. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, धाप नव्हती. त्या दिवशी सकाळी ते चार जिने चढून गेले होते.

घरी येऊन मी फाइल काढली आणि मागची आठ वर्षं चाळली. बीपी दोनच ठिकाणी लिहिलेलं सापडलं, दोन्ही वेळा ऑफिसच्या शिबिरातलं. १३०/८० आणि १३०/८०. या क्षेत्रातल्या माणसाला हा आकडा दोनदा दिसला की शंका येते. बऱ्याचदा तो मोजलेला नसतो, लिहिलेला असतो. मिस्टरांना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं. रांगेतून पुढे सरकायचं, स्टुलावर टेकायचं, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा आणि शेजाऱ्याशी गप्पा चालूच. आता गंमत अशी की अशा बहुतेक चुकांनी आकडा वाढतो, कमी होत नाही. गप्पा मारल्या तरी वाढतो, पाय लोंबकळत असले तरी वाढतो. म्हणजे तशा गर्दीतसुद्धा खरोखर मोजला असता तर तो १३० आला नसता. शिबिरवाल्यांना दोष देऊन मी मोकळी होत नाही. मी रोज चाळीसेक माणसांच्या दंडाला रबरी पट्टा आवळत होते, आणि घरातल्या या एका दंडाला बीपीचा पट्टा बांधावा हे मला आठ वर्षांत सुचलं नाही. ट्यूबमध्ये जे येत नाही ते आम्हा लॅबवाल्यांना दिसतच नाही.

म्हणून नीट मोजणं म्हणजे काय ते इथे लिहिते. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, सिगरेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न घेता पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर हवा, दंड हृदयाच्या उंचीवर आणि हात टेबलावर टेकवलेला हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खोटा चढतो, म्हणून मोठा पट्टा मागून घ्यायचा. मागायला लाज कसली? पट्टा फुगत असताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, आणि पहिल्यांदाच मोजत असाल तर दोन्ही हातांवर. आकडा वाढलेला निघाला तर लगेच हाय खायची नाही आणि "डॉक्टरला बघून वाढलं असेल" म्हणून झटकायचंही नाही. घरी काही दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी मोजताना १३५/८५. मिस्टर घोरायचे, आणि घोरताना मध्येच श्वास अडकल्यासारखे थांबायचे. त्याचाही बीपीशी संबंध असू शकतो, हे मला नंतर कळलं. त्याआधीची सगळी वर्षं मी फक्त कूस बदलून झोपले.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी मार्च १९४४मध्ये मोजलं ते १८६/१०८ होतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा ते ३००/१९०वर पोचलं होतं. इतक्या मोठ्या माणसाचा आकडा डॉक्टरांना माहीत होता, पण तो उतरवणारं धड औषधच तेव्हा नव्हतं. आज औषध आहे आणि आकडा माहीत नाही. मिस्टरांना दोन गोळ्या लागतात. सहा वर्षं झाली, बीपी १२८च्या आसपास असतं.

आता रिपोर्टात हद्दीबाहेरचे आकडे जाड अक्षरात छापतात, त्याबद्दल. रिपोर्टात आकड्याशेजारी जी हद्द छापलेली असते ती बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा वीसात एकदा हद्दीबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० चाचण्या केल्या, तर निदान एक आकडा जाड अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के होते. मग ९२चं काय, ते वाचकांनीच बघावं. (साखर आणि कोलेस्टेरॉलला हा नियम लागू नाही. त्यांच्या हद्दी पुढच्या धोक्यावरून ठरवलेल्या आहेत.) काउंटरवर माझ्याशी सर्वांत जास्त हुज्जत घालणारी माणसं ही. इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) अर्ध्या टक्क्याने जास्त म्हणून रात्रभर मोबाइलवर शोधत बसलेली, आणि त्याच पानावर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा) ६.३ आहे तिकडे न बघितलेली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तिथून मागे फिरता येतं, पण ती ओळ जाड अक्षरात नव्हती.

आणि आकडा हद्दीत म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. मूत्रपिंडाचं जवळपास निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन मुकाट हद्दीत राहू शकतं. बीपी किंवा साखर असलेल्या माणसाने म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण बघावं. हे एक गुणोत्तर खरोखर कामाचं, आणि ९२च्या यादीत तेवढं नेमकं नव्हतं.

घरून नेलेल्या नमुन्याबद्दलही दोन शब्द. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची वेगळी ट्यूब असते आणि तीही वेळेत लॅबमध्ये पोचावी लागते. नेणारा मुलगा आणखी सहा घरं करून जाणार असेल तर त्याला विचारा. आणि आणखी एक, जे पुरुष कधी आपणहून सांगत नाहीत: केस गळतात म्हणून चालू असलेल्या गोळ्या. बायोटिनच्या मोठ्या डोसने काही मशीनवर थायरॉइडचा रिपोर्ट असा चुकतो की नसलेला आजार कागदावर दिसतो. फिनास्टेराइडने पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या शंकेसाठी रक्तात बघतात तो आकडा) निम्म्याच्या आसपास उतरतं, म्हणजे वाढलेलं असलं तरी शहाण्यासारखं हद्दीत दिसतं. "कुठली गोळी चालू आहे का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही, नाही, कसली नाही." डोक्याकडे बघून मी दुसऱ्यांदा विचारायचे.

पीएसएचं नाव निघालंच आहे, तर त्यावर जरा थांबते. माझा थोरला भाऊ ७२ वर्षांचा. लघवीची काही तक्रार नाही. मुलाने प्रेमाने पॅकेज घेऊन दिलं, त्यात पीएसए ५.२ आलं. पुढे बायोप्सी झाली. तिच्यातून जंतुसंसर्ग होऊन चार दिवस तापाने रुग्णालयात. निदान झालं अगदी मंद वाढणाऱ्या कर्करोगाचं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. सल्ला योग्यच होता. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांना लक्ष ठेवणं, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत वाटलं होतं. २०२३मध्ये त्यांचा साधारण १५ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. या आजाराने गेलेले एकूण २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नाही. हे सगळं मी भावाला समजावलं, त्यालाही पटलं. तरी दर सहा महिन्यांनी रक्त द्यायच्या आदल्या रात्री तो जेवत नाही. पूर्वी दिवसभर बागेत असायचा, आता दिवसभर स्वतःच्या शरीरावर कान ठेवून बसलेला असतो.

उलट बाजूही मला माहीत आहे. आमच्या लॅबमधल्या एका सहकाऱ्याचे वडील आणि काका दोघंही प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेलेले. त्याने डॉक्टरांशी बोलून, ठरवून पीएसए केलं. ५८व्या वर्षी आक्रमक प्रकार सापडला, वेळेत उपचार झाले, आज तो सायकल चालवतो. म्हणजे चाचणी तीच, पण एकाला विचारून केली आणि दुसऱ्याची पॅकेजमध्ये आली म्हणून झाली. अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाची २०१८ची शिफारस ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी फायदा-तोटा बोलून स्वतः ठरवा आणि सत्तरीनंतर सरसकट करू नका, अशी आहे. घरात इतिहास असेल तर हे बोलणं आधी व्हावं. आणि करायचीच तर हेही माहीत असू द्या: लघवीचा जंतुसंसर्ग झाला असेल किंवा आधीच्या दोन दिवसांत वीर्यपतन झालं असेल तर पीएसए वाढून येऊ शकतं. मी बाई असून हे छापायला सांगते, कारण काउंटरवरच्या कुठल्याच पुरुषाने हे कुठल्याच पुरुषाला सांगितलेलं मी पाहिलेलं नाही.

कर्करोगाच्या नावाने आणखी दोन-तीन 'मार्कर' पॅकेजमध्ये घातलेले असतात, सीईए आणि सीए १९-९ वगैरे. आजार सापडलेल्या रुग्णावर उपचाराचा परिणाम बघायला ते उपयोगी पडतात. ठणठणीत माणसात आजार शोधायला नाहीत. शोधत सुटलं की काय होतं ते दक्षिण कोरियाने पाहिलं. तिथे १९९९पासून राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू झाली, आणि मोहिमेत नसतानाही दवाखाने सोबत गळ्याची सोनोग्राफी करून देऊ लागले. २०११ सालचं थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. मधल्या मध्ये हजारोंच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि गोळी जन्माची मागे लागली.

मग करायचं काय? मला विचाराल तर आधी माणूस बघायचा, मग चाचणी ठरवायची. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वर्षानुवर्षं भरपूर सिगरेट ओढलेल्या माणसाला फुप्फुसाच्या कर्करोगासाठी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचा फायदा सिद्ध झालेला आहे. अमेरिकेत हिशेब असा आहे: वय ५० ते ८०, रोज एक पाकीट अशी २० वर्षं, आणि सिगरेट सोडून १५ वर्षं झालेली नसावीत. ज्याने कधी सिगरेट ओढली नाही त्याला तो स्कॅन नको. कधीकाळी ओढणाऱ्या पुरुषाची ६५ ते ७५ या वयात पोटातल्या महाधमनीची, म्हणजे मुख्य रक्तवाहिनीची, एक सोनोग्राफी व्हावी. ती फुगलेली असली तर बहुतेकदा फुटेपर्यंत कळत नाही. इंग्लंडमध्ये पुरुषाला पासष्टीच्या वर्षात यासाठी बोलावणंच येतं. आतड्याच्या कर्करोगासाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी आहे. अमेरिकेत २०२१पासून ती पंचेचाळिशीपासून सुचवतात, पूर्वी पन्नाशी होती. हा नमुना द्यायला पुरुष जितके लाजतात तितके कशालाच नाही. डबी घेऊन गेलेले परत येत नसत. तंबाखू खाणाऱ्याचं तोंड कोणीतरी उजेडात नीट बघावं. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, आणि तंबाखू-दारूची सवय असलेल्या पुरुषांतले मुखकर्करोगाचे मृत्यू कमी झाल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. बॅटरी आणि दोन मिनिटं, एवढंच साहित्य.

यातली एकही गोष्ट "पुरुष, वय ४० ते ६०" एवढ्या माहितीवर ठरत नाही. त्यासाठी प्रश्न विचारावे लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. वडील कितव्या वर्षी गेले आणि कशाने, हे कितीतरी पुरुषांना सांगता येत नाही. "अचानक गेले" एवढंच. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलाच्या तपासणीचं सगळं गणित बदलतं. आईला विचारलं तर ती तारखेसकट सांगेल.

एक गृहस्थ माझ्याकडे वर्षात तीनदा आले. पन्नाशीचे, नीटनेटके. तिन्ही वेळा एकच चाचणी, टेस्टोस्टेरॉन. तिन्ही वेळा संध्याकाळी, गर्दी नसताना. मी सांगितलं, हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, सकाळी या. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा संध्याकाळीच आले. कारण मला समजलं होतं, पण विचारायचं कसं? शेवटी मी एवढंच म्हटलं, "साहेब, डॉक्टरांना साखर, कोलेस्टेरॉल आणि बीपीचंही विचारा. अशी तक्रार कधी कधी हृदयाची पहिली चिठ्ठी असते." लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे भिंतींवर थर जमू लागला की रक्ताची टंचाई आधी तिथे, ताठरता कमी होऊन, जाणवते, छातीत दुखू लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधीसुद्धा. ते काही न बोलता निघून गेले. नंतर त्यांची फास्टिंगची चिठ्ठी आली, साखर २१४ निघाली. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त असली तर मधुमेह धरतात. तिन्ही वेळा दंडातून रक्त माझ्याच हाताने काढलेलं, आणि साखर बघा असं कोणी लिहून दिलं नव्हतं.

मनाचंही तसंच. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला आहे का, आणि उदास किंवा हताश वाटतं का, हे दोन प्रश्न जगभर चाळणीसारखे वापरतात. त्यांना सुई लागत नाही. जगात आत्महत्येने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून जास्त आहे, तरी पुरुषांच्या 'संपूर्ण' तपासणीत हे दोन प्रश्न मला ३१ वर्षांत दिसले नाहीत.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती, ती आली नाही. सरसकट आरोग्य तपासणीला बोलावलेली माणसं आणि न बोलावलेली माणसं यांची तुलना करणाऱ्या १७ अभ्यासांचा आढावा २०१९मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने घेतला. अडीच लाखांहून जास्त माणसं होती. मृत्यूच्या प्रमाणात जवळजवळ फरक सापडला नाही. हे वाचून "बघ, मी सांगत होतोच" म्हणणारे पुरुष माझ्या डोळ्यांसमोर आत्ताच उभे राहिले. त्यांना सांगते, यातून बीपी मोजू नका असं निघत नाही. रोगाची चाळणी कधी लावावी याच्या दहा कसोट्या विल्सन आणि युंगनर यांनी १९६८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहून ठेवल्या आहेत. आजार महत्त्वाचा हवा, सापडल्यावर करण्यासारखं काही हवं, ते करायची सोय हवी. ९२ ओळींपैकी किती या कसोट्यांना उतरतात ते मोजायला मी बसले होते. पेन्सिल अकराव्या ओळीच्या पुढे गेली नाही.

लेखाच्या जागी आपण एक साधा तक्ता छापावा, अशी विनंती आहे. घरात कोणाला काय झालं, किती वर्षं काय ओढलं किंवा खाल्लं, दारू किती, झोप कशी, लघवीला रात्री किती वेळा उठावं लागतं, चालू असलेल्या गोळ्या (केसांच्या धरून), कमरेचा घेर आणि सात दिवसांचं बीपी. शेवटी रिकाम्या चार ओळी, डॉक्टरांना विचारायच्या गोष्टींसाठी. पुरुषांना फॉर्म भरायला आवडतो, बोलायला नाही. भरलेला कागद डॉक्टरांपुढे सरकवता येतो, आणि कुठली ट्यूब भरायची ते मग डॉक्टरांनी ठरवावं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ

ता. क. लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्रात गृहस्थ टेबलाच्या कडेवर बसले आहेत, पाय लोंबकळत आहेत, पट्टा शर्टाच्या बाहीवर बांधला आहे आणि ते नर्सशी हसून बोलत आहेत. माझ्या मिस्टरांनी ते चष्मा न लावता ओळखलं. कृपया छायाचित्र बदलावे.